पाव इंचाचा स्क्रू

“तुमचे मिस्टर जाऊन किती वर्षं झाली हो?” असं त्या बाईंनी घरच्या लेकीला अगदी हळव्या आवाजात विचारलं, तेव्हा मिस्टर त्यांच्यासमोरच चहाचा ट्रे घेऊन उभे होते.

बाई म्हणजे या मिस्टरांच्या धाकट्या मेहुण्याच्या होणाऱ्या बायकोची मावशी. मुलीकडची माणसं घर बघायला आली होती, आणि घर बघता बघता मावशींची नजर हॉलमधल्या भिंतीवर गेली होती. त्या भिंतीवर फोटो होते. सासऱ्यांच्या वाढदिवसाला दर वर्षी सगळ्या कुटुंबाचा एक फोटो निघायचा, फ्रेम व्हायचा आणि आधीच्या फोटोशेजारी लटकायचा. मधल्या खुर्चीत सासरे, शेजारी सासूबाई, मागे मेहुणा, आणि उजव्या कडेला लेक. ती एकटीच. फोटोत जावई कुठेच नव्हते, कारण फोटो जावईच काढत असत. मावशींनी भिंतीचा सरळ हिशेब केला होता. लग्नाच्या फोटोत नवरा आहे, पुढे एकाही फोटोत नाही, म्हणजे काय ते समजून घ्यावं.

“अहो, हेच ते!” सासूबाई ओरडल्या.

मावशींनी ट्रेकडे बघितलं, मग ट्रेमागच्या माणसाकडे बघितलं. “अगंबाई, मला वाटलं हे स्वयंपाकाला आहेत,” त्या म्हणाल्या, आणि कप उचलून घेतला.

सगळे पोट धरून हसले. जावईबापूही हसले. आपल्यावरचा विनोद आपणच आधी हसून संपवावा, हे धोरण ऑफिसात आयुष्य घालवून त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. बायको मात्र हसली नाही. घरी परतल्यावर भांडी आवरताना ती एकदम म्हणाली, “दर वर्षी मी त्या कडेला एकटीच उभी असते. कधी काही वाटलं नाही. आज ते फोटो त्या बाईंच्या डोळ्यांनी बघितले.”

“अगं, पण काढणार कोण?”

“ते मला माहीत नाही. या वर्षी तुम्ही फोटोत हवेत. बस.”

बायकोच्या ‘बस’नंतर बोलण्यात अर्थ नसतो, हे कुठल्याही नवऱ्याला सांगावं लागत नाही.

तसं काम अगदी सोपं होतं. मेहुण्याच्या कॅमेऱ्याला टायमर होता. बटण दाबायचं, पळत जाऊन रांगेत उभं राहायचं, झालं. सराव करायला म्हणून जावईबापूंनी कॅमेरा मागितला, तेव्हा मेहुण्यानं तो तान्हं मूल हाती द्यावं तसा दिला. “भाऊजी, पट्टा गळ्यात घातल्याशिवाय उचलायचा नाही. काचेला बोट नाही. आणि घाम आलेल्या हातांनी तर नाहीच नाही.” हे ऐकूनच जावईबापूंच्या हातांना घाम आला.

कॅमेरा ठेवायला ट्रायपॉड हवा. तो सासऱ्यांनी स्वतः माळ्यावर चढून काढून दिला. त्यांच्या तरुणपणी त्यांना वर्षभर फोटोग्राफीचा नाद होता. नाद गेला, कॅमेरा गेला, ट्रायपॉड राहिला. “हल्लीच्या काटक्या नव्हेत ह्या,” पायांवरची धूळ पुसत ते म्हणाले, “वर हत्ती उभा केलात तरी हलणार नाही.”

हत्ती कदाचित राहिलाही असता. कॅमेरा राहीना. ज्या स्क्रूवर कॅमेरा बसवायचा, तो स्क्रूच जागेवर नव्हता. वरच्या पाटीत नुसतं भोक होतं.

बायकोनं आईला फोन लावला. पलीकडून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “तो होय? तो कुकरच्या दांड्याला लावलाय. दांडा सारखा निघून यायचा. तुझे बाबा बदलीवर होते तेव्हा लावला, म्हणजे बघ किती वर्षं झाली.”

“मग दोन दिवस काढून दे ना.”

“आणि पाहुण्यांचा स्वयंपाक कशात करू? ट्रायपॉडमध्ये? शिवाय आता हलवला तर दांडाच मोडायचा. तुम्ही बाजारातून नवा आणा. एवढासा तर असतो. करंगळीपेक्षा बारीक. तुझ्या नव्हे, माझ्या.”

सासूबाईंच्या करंगळीचं माप मनात धरून जावईबापू संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानात गेले.

“कशाला पाहिजे?” दुकानदारानं विचारलं.

“ट्रायपॉडला.”

“म्हणजे?”

“तीन पायांचं असतं ते.”

“स्टुलाला?”

“कॅमेऱ्याच्या स्टुलाला,” जावईबापूंनी तडजोड केली.

“मग कॅमेऱ्याच्या दुकानात जा की.”

कॅमेऱ्याच्या दुकानात काचेमागे एक टाय लावलेला विक्रेता होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एखाद्याला वाईट बातमी सांगावी तसा आवाज खाली आणला. “काका, हा पाव इंचाचा स्क्रू. सुटा मिळत नाही. नवीन ट्रायपॉड घ्या, त्याला असतो.” मग त्यानं नवा ट्रायपॉड काढून दाखवला. हात लावल्याबरोबर तो थरथरला. शिवाय सासऱ्यांच्या हत्तीला नकार देऊन बाजारातली काटकी घेऊन गेलो, तर फोटोत जागा मिळेल, पण घरात मिळणार नाही, हे जावईबापूंना ठाऊक होतं. ते पुन्हा हार्डवेअरवाल्याकडे आले.

“पाव इंचाचा द्या.”

“इंचाचं सगळं कधीच बंद झालं. आता सगळं एमएममध्ये. सहाचा घ्या. पाव इंच आणि सहा एमएम म्हणजे सख्खे भाऊ.”

“बसेल ना?”

“न बसायला काय झालं? जरा घट्ट जाईल. नवी चप्पल नाही का चावत? फक्त आखूड संपलेत, लांब आहे. खाली चार वायसर घाला.”

सख्खे भाऊ एका घरात सुखानं नांदल्याचं आपण कुठे पाहिलं आहे, हा विचार जावईबापूंच्या मनात यायला हवा होता. पण दिवसभर ऑफिस, वर दोन दुकानांत तीन फेऱ्या, पाय नुसते भरून आले होते. थकलेल्या माणसाला ‘चालेल’ हा शब्द फार लवकर सुचतो.

घरी येऊन त्यांनी कॅमेरा पाटीवर ठेवला, खालून वायसर घातलेला बोल्ट लावला आणि फिरवला. पहिले दोन आटे लोण्यासारखे गेले. तिसऱ्याला बोल्ट कुरकुरला.

“जात नाही का?” बायकोनं विचारलं.

“जाईल. घट्ट जातो, असं तो म्हणालाच होता.”

मग त्यांनी पक्कड आणली. पकडीनं बोल्ट अर्धा फेरा गेला, ‘कट्’ असा आवाज झाला, आणि कॅमेरा असा काही पक्का बसला की जावईबापूंनी समाधानानं घाम पुसला. ट्रायपॉडचे पाय पसरून त्यांनी सराव सुरू केला. बटण दाबायचं, पळायचं, सोफ्याशेजारी उभं राहायचं. पहिल्या फोटोत त्यांची पाठ आली. दुसऱ्यात नुसता हात. तिसऱ्यात ते पूर्ण आले, पण टीपॉयला अडखळून आडवे. हळूहळू जमत गेलं, पण जमेपर्यंत कॅमेऱ्यावर बॅटरीची एकच रेघ उरली, आणि तीही लाल.

“चार्ज करून ठेवू,” असं म्हणून त्यांनी बॅटरीचं झाकण शोधलं. झाकण कॅमेऱ्याच्या पोटाखाली होतं. पोटाखाली ट्रायपॉडची पाटी होती. पाटी हलवायची तर बोल्ट काढायला हवा, आणि बोल्ट आता आतही जाईना आणि बाहेरही येईना. पकडीनं जोर लावला, तर सगळा ट्रायपॉडच कॅमेऱ्यासकट गोल फिरला.

“निदान पाय तरी मिटा, नीट कोपऱ्यात ठेवू,” बायको म्हणाली. पायही मिटेनात. लांब बोल्टाचं डोकं खाली नेमकं तिथेच लोंबत होतं, जिथे तिन्ही पाय एकत्र यायचे. म्हणजे सासऱ्यांचा ट्रायपॉड मेहुण्याच्या कॅमेऱ्याला चिकटला, तोही पाय फाकवून. जावईबापू त्याच्याकडे बघत जमिनीवरच बसले. उठायचं त्राण त्यांच्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या रजेच्या अर्जात त्यांनी ‘घरगुती अडचण’ असं लिहिलं आणि ती अडचण खांद्यावर घेऊन ते निघाले. बसच्या दारात कंडक्टर म्हणाला, “पाय मिटून आत या.” जावईबापू म्हणाले, “मिटत नाहीत.” कंडक्टरनं आधी त्यांच्याच पायांकडे बघितलं आणि बेल मारली. बस गेली. मग ते चालत निघाले.

कॅमेरे दुरुस्त करणारा माणूस एका जिन्याखाली बसायचा. त्यानं डोळ्याला भिंग लावून बोल्टाचं बारकाईनं निरीक्षण केलं आणि भिंग काढलं. “हा ट्रायपॉड आधी काढून आणा. मग कॅमेऱ्याचं बघतो.”

“ट्रायपॉड निघत नाही म्हणून तर आणलाय.”

“मी कॅमेरे उघडतो. लोखंड कापायचं तर लेथवाल्याकडे जा. या रस्त्यानं सरळ शेवटपर्यंत.”

रस्ता शेवटपर्यंत फार लांब होता. निम्म्यावर जावईबापूंचा खांदा बधिर झाला, म्हणून त्यांनी ट्रायपॉड फूटपाथवर उभा केला आणि बाजूला कंबरेवर हात ठेवून श्वास घेतला. समोरच्या सलूनमधून न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला. त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही आलं.

“साहेब, मोजणी का?”

“नाही हो.”

“रस्ता रुंद होणार म्हणतात ते खरं का?”

“मला काही माहीत नाही,” जावईबापू थकून म्हणाले.

मोजणीवाल्याच्या तोंडून नेहमी येतं तेच उत्तर आल्यामुळे सगळ्यांची खात्री पटली. इस्त्रीवाला आला, चष्म्याच्या दुकानातला आला, वरच्या गॅलरीतून एक आजोबा ओरडले, “आमच्या बाजूनं घेऊ नका, आमच्याकडे जिना आहे!” कुणी खुर्ची आणली, कुणी गार पाणी आणलं. न्हाव्यानं कानाशी येऊन विनंती केली, की यंत्राचं तोंड जरा पलीकडच्या बाजूला करता आलं तर बरं होईल. जावईबापू पाणी प्यायले, दोन मिनिटं खुर्चीत टेकले, आणि उठताना सवयीनं त्यांनी ट्रायपॉड उचलून दुसऱ्या खांद्यावर घेतला. त्यात कॅमेऱ्याचं तोंड पलीकडे वळलं. झालं! पलीकडचे दुकानदार रस्ता ओलांडून धावत आले. जावईबापू आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी एवढे महत्त्वाचे वाटत होते, पण त्याचा आनंद घ्यायला ते थांबले नाहीत.

लेथवाल्याचं शेड म्हणजे सगळीकडे ठणठणाट. त्यानं मशीन बंद करून बोल्ट पाहिला, आणि मान हलवली. “सहाचा पाव इंचात घुसवलाय. आटे चढलेत एकमेकांवर. कापून काढावा लागेल.”

“काढा मग!”

“काढतो. पण आधी कॅमेरा काढून आणा. ठिणगी उडाली, काच फुटली, तर मी कुठून भरून देऊ?”

“कॅमेरा काढता आला असता तर...” जावईबापूंनी वाक्य पुरं केलं नाही. पुरं करून उपयोग नव्हता. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, असं म्हणतात. इथे तर ते सोडतही नव्हतं. बाहेरच्या दगडावर बसून त्यांनी बायकोला फोन केला.

“सुटला का?”

“नाही. दोघंही म्हणतात, आधी दुसऱ्याचं काढून आणा.”

पलीकडून बायको म्हणाली, “बॅटरीत एक रेघ आहे ना?”

“लाल आहे.”

“लाल तर लाल. एका फोटोला पुरे. या घरी आता. आणि येताना दुसऱ्या रस्त्यानं या.” न्हाव्याची हकिकत त्यांनी तिला वाटेतच फोनवर सांगितली होती.

वाढदिवसाच्या दिवशी ते टॅक्सीनं गेले. ट्रायपॉडचा एक पाय खिडकीबाहेर, एक ड्रायव्हरच्या कानाशी आणि एक बायकोच्या मांडीवर होता. दारातच मेहुण्यानं कॅमेरा बघितला आणि त्याचा चेहरा पडला.

“भाऊजी, काय केलंत हे? काढा माझा कॅमेरा!”

“निघत नाही.”

“निघत नाही म्हणजे?”

“माझा ट्रायपॉड वाकवलात की काय?” सासरे तरातरा पुढे आले. “पाय का मिटत नाहीत त्याचे?”

“बाबा, तुमच्या त्या भंगारात माझा कॅमेरा अडकलाय!”

“भंगार? तुझ्या डबड्यानं माझा ट्रायपॉड धरून ठेवलाय!”

कोण कुणात अडकलं आहे यावर बापलेकांची चांगलीच जुंपली. जावईबापू मध्ये उभे होते. त्यांना वाटत होतं, की आत्ताच्या आत्ता पलंगावर पडावं आणि कुणी उठवू नये. शेवटी सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “फोटो काढा आधी. मग तोडा काय तोडायचं ते.” आणि आत वळून त्यांनी हाक मारली, “मावशी, तुम्हीही बघायला या हो! आमचे जावईबापू या वर्षी फोटोत आहेत.”

मावशी भाचीला घेऊन लगबगीनं आल्या आणि सोफ्यावर बसल्या. खुर्च्या मांडल्या गेल्या. सासरे मधे, सासूबाई शेजारी, मागे मेहुणा, आणि उजव्या कडेला बायको. या वेळी तिनं शेजारी माणूसभर जागा सोडली होती. तिनं केस पुन्हा पुन्हा नीट केले. ते बघून जावईबापूंना खांद्याचं दुखणं जरा कमी झाल्यासारखं वाटलं. त्यांनी चौकट बघितली, बटण दाबलं, टीपॉयला वळसा घातला आणि न अडखळता जागेवर जाऊन उभे राहिले. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकू लागला. खटक् झालं.

सगळे कॅमेऱ्याभोवती जमले. फोटोत जावईबापू होते. पूर्ण होते, सरळ होते, टायसकट होते. पण सगळे एकमेकांकडे बघू लागले.

“हे असं काय आलंय?” शेवटी मेहुणा म्हणाला.

फोटोतला प्रत्येक जण डोळे विस्फारून त्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत होता. श्वास रोखलेले, ओठ आवळलेले. दवाखान्याच्या बाकावर निकालाची वाट बघत बसल्यासारखे. सासूबाईंनी वर भिंतीकडे बघितलं. तिथे त्याच खुर्च्यांत वर्षानुवर्षं सगळे मनमुराद हसत होते. सासऱ्यांचे तर दातही दिसत होते.

“मी माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा हसलो नाही,” सासरे विचारात पडून म्हणाले. “हे जावईबापू कॅमेऱ्यामागे गेले की मात्र आवरत नाही.”

“का बरं?” जावईबापूंनी विचारलं.

सासूबाई खुर्चीची उशी नीट करू लागल्या. मेहुणा खोकला. “भाऊजी, तुम्ही फोटो काढताना आधी चुकीचा डोळा मिटता. मग दुसरा मिटता. मग दोन्ही. आणि ते चालू असताना तुमची जीभ बाहेर येते.”

“जीभ?”

“एवढी,” सासऱ्यांनी बोटानं दाखवलं.

“म्हणजे इतकी वर्षं तुम्ही सगळे मला हसत होता?” जावईबापूंनी बायकोकडे बघितलं. “तूही?”

“हो,” बायको म्हणाली.

“मग मला कधी सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तुम्ही जीभ आत घेतली असती.”

जावईबापूंना राग यायला हवा होता. त्यांनी तो जरा शोधूनही पाहिला. पण एवढा खांदा मोडून घेतल्यावर राग आणायचं बळ कुठलं? आणि खरं सांगायचं तर त्यांना आतून फार बरं वाटत होतं. सासरे घसा खाकरून म्हणाले, “जावईबापू, बॅटरी उरली असेल, तर... म्हणजे राग मानू नका, पण तुम्ही जरा तिकडे मागे जाऊन उभे राहता का?”

ज्या जागेसाठी एवढा आटापिटा केला, तिथून ते निघाले आणि ट्रायपॉडमागे जाऊन वाकले. जीभ आतच ठेवायची, असं त्यांनी ठरवलं. डोळा मिटला. तो नेमका चुकीचा होता. खुर्च्यांमध्ये खसखस पिकली. इतक्यात उजव्या कडेची जागा रिकामी झाली.

“अगं, तू कुठे निघालीस?” सासूबाई म्हणाल्या. “फोटोत नाही का यायचं?”

“इतकी वर्षं समोरून बघितलं,” बायको कॅमेऱ्यामागे येऊन त्यांच्या दंडाला टेकून उभी राहिली. “आज शेजारून बघते.”

जावईबापूंची जीभ बाहेर आली. खटक् झालं, आणि लाल रेघ गेली. कॅमेरा बंद पडला होता, तरी समोर सगळे हसतच होते, मावशी तर डोळे पुसत होत्या. मागच्या दोघांनाही बाहेर यायची काही घाई नव्हती.